न सांगितलेलं मांजर

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल तेव्हा माझे सासरे गावाहून आले. तीन जिने चढताना त्यांनी उजवा हात अंगापासून लांब धरला होता, काखेत अंडं ठेवलंय आणि ते फुटू द्यायचं नाही असा. पिशवी डाव्या हातात होती. ती घ्यायला मी दारात पुढं झाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काय झालेलं न्हाय मला."

मी काही विचारलंच नव्हतं.

आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. माझा नवरा त्यांना आबा म्हणतो. मामांचं गाव शाहूवाडी तालुक्यात, डोंगराला लागून. भाताची शेती, दोन म्हशी, एक रेडकू, एक कुत्रं. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. त्या जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मामा तिथं एकटे राहायचे. कोल्हापुरात या म्हटलं की यायचे, दोन दिवस काढायचे, आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या आधी पायात चपला घालून बसायचे. या खेपेला न बोलावता आले होते.

तीन आठवड्यांपासून काखेत गाठ होती. गावात शेजारच्या काकूंनी हळदीचा लेप घालून बघितला होता. काखेत गळू झालं की त्याला काखमांजरी म्हणतात, काकू म्हणाल्या होत्या, "काखमांजरी हाय, पिकंल आणि फुटंल." ती पिकली नाही, फुटलीही नाही. लिंबाएवढी झाली. संध्याकाळी अंगात कणकण यायला लागली, तेव्हा मामांनी एसटी धरली.

मी एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, यंत्रं चालवायची, असं माझं काम. बावीस वर्षं हेच करते. काखेत गाठ, वय सत्तरीकडं, वजन उतरलेलं, ताप. हे शब्द मी रोज कुणाच्या ना कुणाच्या कागदावर वाचते आणि पुढच्या कागदाकडं वळते. त्या दिवशी मात्र मामांना वाढताना आमटीचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. ते डाव्या हातानं जेवत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना डाव्या हातानं जेवताना बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना सर्जनकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. त्यांनी गाठ दाबून पाहिली, दुसरी काख, मान, जांघ पाहिली. मग विचारलं, "आजोबा, घरात जनावरं काय काय आहेत?"

"दोन म्हशी. रेडकू. कुत्रं हाय एक."

"मांजर?"

"मांजर? आमच्या घरात? न्हाय."

"शेजाऱ्यांचं येत-जात असेल. कधी नख लागलं, चावलं?"

"मांजराचं आणि माझं जमत न्हाय, डॉक्टर. इच्चारा की ह्येला." मामांनी नवऱ्याकडं बोट केलं.

नवरा हसला नाही. "खरं आहे," एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, मांजर नाही. मी ते उलटं वाचलं.

मग सोनोग्राफी झाली, आणि गाठीत सुई घालून थोडा अंश काढला. त्याच्या काचा आमच्याच लॅबमध्ये आल्या. मी त्यांना हात लावला नाही; दुसऱ्या मुलीला रंगवायला दिल्या आणि उगाच फ्रीज पुसत बसले. आमच्या लॅबच्या डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून म्हणाल्या, "कॅन्सर नाही. जा, पाणी पी."

मी पाणी प्यायले. पण बरं वाटणं अर्धा दिवससुद्धा टिकलं नाही. गाठीत पेशींचे गोळे होते, टीबीत दिसतात तसे. टीबीचा जंतू मात्र सापडला नाही. त्याची जनुकांवरची तपासणीही नाही म्हणाली. सर्जन म्हणाले, "आपल्याकडं अशी गाठ म्हणजे बहुतेक वेळा टीबीच निघतो, आणि कधीकधी तो तपासणीत हुकतो. एक तर गाठ काढू, नाही तर सहा महिन्यांची औषधं सुरू करू. सोमवारी ठरवू."

तो बुधवार होता. सोमवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. मामा एका जागी बसायचे नाहीत. गॅलरीत जायचे, खाली रस्ता बघायचे, आत यायचे, पंखा बंद करायचे, परत गॅलरीत. टीव्ही लावून दिला तर त्याच्याकडं पाठ करून उभे राहायचे. रोज सकाळी गावाकडं काकूंना फोन करायचे, तोही गॅलरीचं दार ओढून घेऊन. एरवी मामांचा आवाज असा की फोन नसला तरी शाहूवाडीत ऐकू जाईल. पण या फोनवर ते हळू बोलायचे.

"घातलंस काय?... वाटीतच घाल. न्हाय, गोठ्यात नको. तिथं न्हे... आली हुती?"

मला वाटलं, म्हशींचं चाललंय. एकदा वाटलं कुत्र्याचं असेल. म्हशीला वाटीत काय घालतात, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण माझं डोकं सोमवारात अडकलं होतं.

शुक्रवारी मॅडमनी मला आत बोलावलं. "तुझ्या सासऱ्यांच्या काचा मी परत बघितल्या. त्या गोळ्यांच्या मध्ये पू आहे. तो मला खटकतोय. मांजराचं विचारलं का कुणी?"

"विचारलं. नाही म्हणाले."

"असू दे. आपण एक टेस्ट लावू."

मांजराच्या नखानं किंवा दातानं एक जंतू माणसात येतो. मांजराला स्वतःला काही होत नाही. पिल्लांत तो जास्त असतो, पिसवांमुळं पसरतो. माणसाला ओरखड्याजवळची गाठ येते, ताप येतो. हे सगळं मी शिकताना एका परिच्छेदात वाचलं होतं आणि विसरले होते. त्या काळात, मिरजेत, अशा जंतूंची अँटिबॉडी शोधायची म्हणजे मोठं काम होतं. काचेवर जंतू चिकटवलेले असायचे. त्यांवर रुग्णाच्या रक्ताचं सीरम घालायचं, मग चमकणारं रसायन, आणि अंधाऱ्या खोलीत बसून हिरवी चमक दिसते का ते बघायचं. मी आणि माझी मैत्रीण एकच काच बघून दोन उत्तरं द्यायचो. सर जेवून आले की तिसरं द्यायचे.

आता आमच्याकडं टेबलावर बसणारं एक यंत्र आहे. एका रुग्णाला एक पट्टी. पट्टीच्या खाचांत लागणारी सगळी द्रावणं बंद करून आलेली असतात. आपण सीरम घालायचं, पट्टी आत सरकवायची आणि झाकण लावायचं. यंत्र स्वतः सुई टोचतं, ओढतं, धुतं, ऊब देतं, आणि शेवटी बंद पेटीत किती उजेड पडला ते मोजून आकडा देतं. कुणाच्या डोळ्यांचा प्रश्न येत नाही. मांजराच्या जंतूच्या पट्ट्या मॅडमनी डोळ्यांच्या एका डॉक्टरांसाठी मागवल्या होत्या, कारण हा जंतू कधीकधी डोळ्यातही जातो. त्यातल्या दोन शिल्लक होत्या.

रक्त मीच घेतलं, शनिवारी सकाळी, लॅबमध्ये. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण मामांचा हात मी कधी हातात घेतला नव्हता. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मला वाटलं सुईला घाबरले, पण ते लाजत होते. मी डाव्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताच्या मनगटावर, आतल्या बाजूला, बारीक पांढऱ्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, चार-पाच. एका ठिकाणी जुनी पुटकुळी वाळून तपकिरी डाग राहिला होता.

"हे काय, मामा?"

"भाताचं काड. कापणीत हात ओरबाडत्यात की."

भाताच्या काडानंही ओरबाडतं. मी सुई घातली.

पट्टी यंत्रात गेल्यावर तासाभराहून जास्त वेळ लागतो. एरवी तो वेळ मला कमी पडतो. त्या दिवशी मी यंत्राच्या काचेवरची धूळ पुसली, चिठ्ठ्यांचं रीळ बदललं, जे अर्धंच संपलं होतं, आणि बाहेर बसलेल्या एका बाईंना दोनदा नाव विचारलं. मामा बाहेर बाकावर बसले होते. दर पाच मिनिटांनी आत डोकावायचे. "झालं न्हाय व्हय अजून? मग काय मशीन त्ये!"

शेवटी कागद आला. अँटिबॉडी दोन प्रकारच्या बघतात. एक जंतू शिरल्यावर आधी येते आणि लवकर जाते, दुसरी मागून येते आणि पुष्कळ दिवस टिकते. पहिलीपुढं लिहिलं होतं, शंकास्पद. दुसरीपुढं, आहे. आकडाही रेषेच्या चांगलाच वर होता.

मॅडमनी कागद बराच वेळ हातात धरला. "हा जंतू त्यांच्या शरीराला भेटलाय असं यंत्राचं म्हणणं आहे. कधी, ते यातून कळत नाही. आणि ते म्हशींत राहतात. गुरांपासून येणाऱ्या एका जंतूमुळंही हे यंत्र कधीकधी फसतं. दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त घेऊन आकडा चढला तर खात्री होईल. तोवर सर्जन थांबतील, पण थांबायला त्यांना काहीतरी कारण पाहिजे. मांजर असलं तर ते कारण आहे. घरी विचार. नीट विचार."

नीट विचारायचं कसं? मी सून. सासऱ्यांना तुम्ही खोटं बोलताय म्हणायचं?

त्यात एक जुनी गोष्ट होती. नवरा आठ वर्षांचा असताना त्यांच्या गोठ्यात मांजरीनं चार पिल्लं घातली होती. मांजरीनं कोंबडीची पिल्लं खाल्ली, म्हणून मामांनी एका सकाळी मांजराची चारही पिल्लं पोत्यात घातली आणि नदीपलीकडं नेऊन सोडली. नवरा रडत ओढ्यापर्यंत मागं धावला आणि एक थोबाडीत खाऊन परत आला. मांजरी आठ दिवस घराभोवती ओरडत फिरत होती. हे त्यानं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच सांगितलं होतं. नंतर कधी विषय काढला नाही, आणि घरात कुठलंही जनावर आणू दिलं नाही.

मी त्याला रिपोर्ट दाखवला. तो फौंड्रीतून नुकताच आला होता, हातांना अजून काळं होतं. वाचून तो हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. "आबा आणि मांजर? तुझं यंत्र नेमकं चुकीच्या माणसावर चुकलं."

मी म्हटलं, मी विचारते, हळूच. पण जेवायला बसल्यावर त्यानंच सरळ विचारलं. "आबा, रिपोर्टात मांजर आलंय. कुठनं आलं?"

मामांचा घास थांबला. "कुठनं येणार? मशीन खोटं बोलतंय तुझं," हे मला. "माणसाच्या शब्दापरीस डब्याचा शब्द मोठा झाला व्हय?"

"तसं नाही मामा. फक्त आठवून बघा..."

"आठवायचं काय त्यात? न्हाय म्हटलं की न्हाय!" ताट तसंच ठेवून ते उठले. नवरा खाली मान घालून जेवत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मांजराच्या नावानंसुद्धा एवढा राग. बघ."

मला मात्र तो राग वाटला नाही. मग काय होतं, तेही कळत नव्हतं.

सोमवारी सर्जनकडं जायची वेळ संध्याकाळची होती. सकाळी आम्ही दोघं कामावर गेलो. अकराच्या सुमाराला खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. मामा किल्ली त्यांच्याकडं देऊन गेले होते. निरोप काही नव्हता. मी मामांना फोन लावला, बंद. त्यानंतर मी एका नळीवर दुसऱ्याच माणसाची चिठ्ठी लावली. लगेच लक्षात आलं, बदलली. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मॅडमनी ते पाहिलं. "तू जा," म्हणाल्या. "आज इथं थांबू नकोस."

मी मलकापूरकडं जाणारी एसटी धरली. गाडी वाघबीळचा चढ चढत होती आणि मी सर्जनला फोन करून वेळ मागून घेत होते. नवऱ्याला कळवलं तर तो म्हणाला, "जाऊ दे त्यांना. त्यांचा जीव, त्यांची मर्जी." आणि मग लगेच, "पोचलीस की फोन कर."

फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत गेले. घराला कडी होती. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला वर-खाली बघितलं. "रानात गेलाय. मोटारीच्या खोलीकडं," म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून, "जा की. पर आवाज न करता जा."

मोटारीची खोली म्हणजे विहिरीच्या कडेला पत्र्याची लहानशी खोली, पंपाची पेटी, दोन-चार रिकामी पोती. भात कापून झालेल्या वाफ्यांतून मी गेले. खोलीच्या दाराशी मामा उकिडवे बसले होते, माझ्याकडं पाठ करून. पुढं पितळेची वाटी. आणि ते बोलत होते. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आता हॉस्टेलवर असलेल्या आमच्या लेकीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हासुद्धा नाही.

"ये गं. ये. आठ दिस न्हवतो म्हणून रुसलीस व्हय? ये, बाय. कोण न्हाय हितं."

पोत्यांमागनं एक करड्या पट्ट्यांची मांजरी बाहेर आली आणि तिच्यामागं एक पिल्लू. पिल्लानं मामांच्या धोतराला नखं लावली आणि वर चढायला लागलं. मामांनी त्याला डाव्या हातानं सोडवलं. उजवा हात तसाच लांब धरलेला.

माझ्या पायाखाली काड मोडलं. मामा वळले.  मला वाटलं, ओरडतील. ते जमिनीवरच खाली बसले.

"तुझ्या आत्तीची हाय ती," म्हणाले.

मग तुटक तुटक सांगितलं. आत्ती कित्येक वर्षं मांजराला मोटारीच्या खोलीत चोरून दूध-भात घालत होत्या. मामांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या गेल्यावर बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी ही मांजरी घराच्या मागच्या दाराशी येऊन बसली. मामांनी हाकलली. दुसऱ्या दिवशी परत. "काठी उगारली तर जागची हालंना. दारातनं आत बघत ऱ्हायची, ती कुठं गेली म्हणून. चार दिस हाकलली. पाचव्या दिशी म्हटलं, बाई, मी बी तिलाच हुडकतोय."

श्रावणात तिनं पिल्लं घातली. दोन बोक्यानं नेली. तिसरं पंपाच्या पेटीमागं अडकलं, ते मामांनी हात घालून ओढून काढलं. तेव्हा मनगटभर नखं लागली होती. पुढंही लागतच होती, पिल्लू खेळायचं.

"मग डॉक्टरांना सांगायचं की मामा. सहा महिन्यांची औषधं घ्यायला लागली असती तुम्हाला. नसलेल्या रोगाची."

"घेतली असती."

"का पण?"

त्यांनी वाटी पिल्लाकडं सरकवली. "पोरगं बसलं हुतं की शेजारी. त्येची मांजरं म्या पोत्यात घालून सोडून आलतो. त्येला मारलं हुतं त्यापायी. आणि आता ह्या वयात त्येच्याम्होरं सांगू, मांजर पाळलंय? कुठल्या तोंडानं?"

 मी पिल्लाला हात लावायला गेले तर ते फिस्कारलं.

डॉक्टरांना सांगावंच लागेल, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आणि त्येला?"

"त्यांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"बघू," म्हणाले.

सर्जनना मी तिथूनच, विहिरीच्या कडेला उभी राहून फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टीबीची औषधं सुरू करायचं थांबवलं. दुसऱ्या दिवशी मामांना बोलावून गाठीतला पू सुईनं काढला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि गाठ जिरायला वेळ लागेल, घाबरू नका, म्हणाले. पक्कं मात्र दुसऱ्या रक्तावर ठरणार होतं. मामा गावी परत गेले. जाताना नवऱ्याला म्हणाले, "टीबी न्हाय म्हणत्यात. दुसरंच काय तरी हाय." नवरा बरं म्हणाला.

यानंतरचे दिवस मला सोमवारच्या आधीच्या दिवसांपेक्षा जड गेले. घरात मला माहीत असलेली गोष्ट नवऱ्याला माहीत नव्हती, आणि ती त्याच्या वडिलांची होती. भाजी चिरताना वाटायचं, आत्ता सांगून टाकावं. तो आंघोळीहून यायचा आणि मी भलतंच काहीतरी बोलायची. यंत्राचीही धास्ती होती. आकडा चढला नाही तर? मांजर खरं, आणि तरी रोग दुसराच निघाला तर?

नवव्या दिवशी नवऱ्यानं फायलीतला सर्जनचा नवा कागद वाचला. मांजर नाही हे खोडून वर लिहिलेलं होतं, मांजर आहे, पिल्लू, ओरखडे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आबांनी मांजर पाळलंय?"

"हो."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दुसरं रक्त कधी घ्यायचंय? रविवारी जाऊ. मी येतो."

रविवारी मोटारसायकलवरून गेलो. बर्फाचा छोटा डबा मी मांडीवर धरला होता. मामांनी आम्हाला दोघांना अंगणात येताना बघितलं आणि लगेच आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, जो कुणी मागितला नव्हता. मी ओट्यावरच रक्त घेतलं. या खेपेला त्यांनी तोंड वळवलं नाही. नवऱ्याकडं बघत राहिले. नळी मी डब्यात ठेवली तोवर करडी मांजरी भिंतीवरनं उतरून अंगणाच्या मधोमध येऊन बसली होती. पिल्लू तिच्यामागं होतं. 

मग नवरा खाली बसला. पिल्लू त्याच्या बुटाची नाडी ओढायला लागलं.

"नखं लागत्यात," मामा म्हणाले. "जपून."

नवऱ्यानं पाय हलवला नाही. मामांनी घसा खाकरला. "त्या येळंला... दुसऱ्या दिशी गेलतो मी. नदीपलीकडं. बघायला."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? आणायला. तुझी आई जेवंना. तू जेवंनास." अंगणाकडं बघत म्हणाले, "पोतं तिथंच हुतं. आत काय न्हवतं."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगणार? न्हवती की तिथं."

नवरा उठला आणि विहिरीकडं निघून गेला. तासाभरानं आला तेव्हा जेवणं झाली होती. पिठलं-भात त्यानं ओट्यावर बसून एकट्यानं खाल्लं.

परत येताना वाघबीळच्या उतारावर त्यानं गाडी थांबवली. एक चहा प्यायला, लगेच दुसरा सांगितला. मी डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत होते. बर्फ विरघळत होता. तो म्हणाला, "एवढी वर्षं मी त्यांच्यावर राग धरला. आता त्याचं काय करू?"

  त्यानं कप ठेवला आणि गाडीला किक मारली.

सोमवारी सकाळी मी पट्टी लावली. शेवटची शिल्लक होती ती. सोबत आधीच्या रक्ताची जपून ठेवलेली नळी लावायची होती, पण पट्टी एकच, म्हणून आधीचा कागद शेजारी ठेवला. यंत्र सुरू झालं तेव्हा मॅडम येऊन माझ्या मागं उभ्या राहिल्या. त्यांनाही बसवत नव्हतं. आकडा आला. आधीच्या कितीतरी वर गेला होता. मॅडमनी दोन्ही कागद एकावर एक धरून बघितले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मांजरच," म्हणाल्या.

गाठ पुरती जिरायला होळी उजाडली. लिंबाची आवळ्याएवढी झाली, मग सुपारीएवढी, मग चाचपून शोधावी लागायला लागली. पिसवांचं औषध मीच पाठवलं. मामा मांजरीला हात लावल्यावर साबणानं हात धुतात, असं काकू सांगतात. मला खरं वाटत नाही.

पण हे पुढचं. त्या सोमवारी मी लॅबमधूनच मामांना फोन लावला.

"मामा, आकडा चढला."

"मंग त्ये चांगलं का वाईट?"

"चांगलं. मांजराचाच जंतू होता. टीबी नाही, काही नाही."

"बरं."  मग म्हणाले, "त्यो कुठं हाय?"

"कामावर आहेत. दुपारची पाळी नाही आज, संध्याकाळी येतील."

"बरं. सांजचं लावतो मग. त्येला सांगू नको मी लावणार हाय म्हणून."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन वाजला. त्यानं पडद्यावरचं नाव बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. जाताना दार ओढून घेतलं. मी गॅसवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून तिथंच उभी राहिले, आणि बाहेर नवरा किती वेळ गप्प आहे ते मोजत राहिले.